मुलाच्या सुखाचे माप
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्याचे आयुष्य मुलांना गुण देण्यात गेले, त्या शिक्षकास आज अशा एका मोजमापाविषयी बोलावयाचे आहे की, ज्यात गुण मूलच ठरविते.

मेंदूत गाठ झालेली अनेक मुले शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधे यांच्या योगाने आज वाचतात. परंतु पुढे पुष्कळांचा तोल जातो, स्मरण व अवधान मंदावते; कोवळ्या वयात मेंदूस किरण दिले असता ही हानी अधिक होते. म्हणून मूल जगले एवढ्याने भागत नाही. ते कसे जगत आहे, हेही जाणले पाहिजे.

याकरिता अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली २४ प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आकलन, वेदना, हालचाल व तोल, तपासण्यांची धास्ती, मळमळ आणि चिंता हे तिचे ६ विभाग. ५ वर्षांचे मूलही स्वतः उत्तर देते; आईबापांस निराळे विचारतात. दोघांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

२०१० साली तिची जपानी आवृत्ती पारखून प्रसिद्ध झाली. असे भाषांतर सोपे नसते. एकाने भाषांतर करावयाचे, दुसऱ्याने ते उलट मूळ भाषेत आणावयाचे, आणि शेवटी मुलांस काय समजले ते मुलांनाच विचारावयाचे. आपला 'काळजी' हा शब्द घ्या. आई काळजी घेते ती माया, आणि मनाला लागते ती चिंता. सहा वर्षांच्या बालकाने कोणता अर्थ घ्यावा? शिवाय वडीलधाऱ्यांपुढे "बरे आहे" म्हणण्याचे वळण आपल्या घरोघरी आहे. ही पारख केल्यावाचून दोन देशांतील मुलांचे गुण शेजारी मांडणे व्यर्थ होय.

बंधुभगिनींनो, पुढे सोयरीक अडेल या भयाने असा आजार झाकून ठेवण्याची रीत अद्याप गेलेली नाही. शाळेस कळविले नाही, तर मंदावलेले मूल आळशी ठरते आणि बोलणी खाते. कळविले, तर शिक्षक त्यास पुढच्या बाकावर बसवील, लेखनास अधिक वेळ देईल. म्हणून माझी विनंती एवढीच की, आजार लपवू नका, आणि "कसे वाटते?" असे मुलास एकांतात, त्याच्या शब्दांत विचारून उत्तर पुरते ऐकून घ्या.