फिशटँकमधलं लाकूड : आणावं कुठून, तयार करावं कसं?
(रौप्यमहोत्सवी छंद-प्रदर्शनात दिलेल्या भाषणाचा सारांश)



प्रदर्शनातल्या टँकमधलं वाकडंतिकडं लाकूड पाहून बऱ्याच मुलांनी विचारलं, "काका, हे कुठे मिळतं?" दुकानात याला ड्रिफ्टवुड म्हणतात. म्हणजे पाण्याने वाहून आणलेलं, झिजून कठीण गाभा उरलेलं लाकूड. माशांना त्यात लपायला जागा मिळते आणि सकर मासा तर ते खरवडत बसतो.

आधी कुठून आणू नये ते सांगतो, कारण आपण बोरिवलीकर आहोत. नॅशनल पार्क हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथली वाळलेली काटकीसुद्धा उचलायची नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद आहे. आणि पडलेलं लाकूड हे तिथल्या किड्यामुंग्यांचं घर असतं. गोराई खाडीतल्या तिवरांनाही हात लावायचा नाही. 2005 मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला बंदी घातली आहे. दहिसर नदीतलं लाकूड फुकट मिळेल, पण त्यात सांडपाणी मुरलेलं असतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर येणाऱ्या लाकडाला पुष्कळदा डांबर चिकटलेलं असतं. होडीची रंगवलेली फळीही नको, त्या रंगात तांबं असू शकतं आणि कोळंबी, गोगलगायींना ते विष आहे.

मग आणायचं कुठून? मे महिन्यात गावी जाताच ना? आपल्याच वाडीतल्या वहाळाकाठी वाळलेली मुळं सापडतात. पेरूचं किंवा चिंचेचं जुनं लाकूड उत्तम. सोसायटीच्या झाडांची परवानगीने छाटणी होते, तेव्हा पेरूची फांदी मागून घ्या, मात्र ती काही महिने पूर्ण वाळू द्या. कण्हेर विषारी, आणि चाफा, रुई चिकाची, म्हणून ती टाळा.

लाकूड बिल्डिंगमध्ये आणण्याआधी खालीच आपटून बघा. भुसा पडला तर वाळवी असू शकते. एकाच्या हौसेपायी शेजाऱ्याचं फर्निचर जायला नको! मग खिळा टोचा. सहज रुतला तर लाकूड कुजलेलं आहे, फेकून द्या.

आता तयारी. साल काढा, तारेच्या ब्रशने घासा, साबण अजिबात नको. स्वयंपाकाचं नसलेल्या जुन्या पातेल्यात दोनेक तास उकळा. मोठा तुकडा असेल तर उकळतं पाणी वरून ओता. नंतर टबात भिजत ठेवा. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. ते टॅनिन, माशांना त्रासदायक नाही, पण टँक गढूळ दिसतो. समुद्राकाठचं स्वच्छ लाकूड असेल तर मीठ निघायला महिना-दीड महिना लागतो. घरच्या टीडीएस मीटरने नळाचं आणि टबातलं पाणी मोजा. आकडे जवळजवळ सारखे आले की मीठ गेलं समजा.

या टबाबद्दल हात जोडून विनंती आहे. डेंग्यूचा डास अंड्यापासून आठ-दहा दिवसांत तयार होतो, आणि त्याला असंच साचलेलं स्वच्छ पाणी आवडतं. म्हणून टब घट्ट झाका, दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला आणि कडा घासून काढा. गच्चीवर ठेवून विसरू नका. महापालिकेची माणसं तपासायला येतात, नोटीस सोसायटीला मिळते आणि ताप मात्र कुणाच्याही मुलाला येतो.

लाकूड आपोआप बुडायला लागलं की टँकमध्ये ठेवा. तरंगत असेल तर खाली ग्रॅनाइटचा तुकडा स्टीलच्या स्क्रूने बसवा. दोन काचांमध्ये ठोकून बसवू नका. लाकूड फुगतं आणि काच तडकते. दोन बाय एक बाय एक फुटांच्या टँकमध्ये सुमारे 56 लिटर पाणी असतं. ते खालच्या फ्लॅटच्या सीलिंगमधून ठिबकलं तर पुढच्या जनरल बॉडीचा विषय ठरलेला!

पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरी बुरशी येईल. घाबरू नका. ब्रशने काढा, नाहीतर गोगलगायी खातात.

मुलांनो, लाकूड तयार व्हायला दोन-तीन महिने लागतील. तेवढा धीर धरलात तर मासे सांभाळायचा धीरही तुमच्यात येईल. कुणाला मदत हवी असेल तर रविवारी सकाळी खुशाल बेल वाजवा.