वावडे आणि आगबोटीवरचे पान

बेंगळूरच्या बसवनगुडी भागात कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कन्नडमध्ये तिला ‘कडलेकायी परिषे’ म्हणतात. आसपासच्या गावांतले शेतकरी नव्या शेंगांच्या राशी रस्त्याच्या दुतर्फा ओततात, पहिल्या शेंगा मोठ्या नंदीला वाहतात, आणि मग सारे शहर शेंगा फोडीत देवळाभोवती हिंडते. याच भागात राहणारे एक मराठी कुटुंब श्रोत्यांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. त्या घरातला सात वर्षांचा मुलगा जत्रेच्या दिवशी खिडकीपाशी उभा राहून गर्दी पाहतो. खाली उतरत नाही. दोन वर्षांचा असताना शेंगदाण्याच्या लाडवाचा एक घास त्याच्या पोटात गेला होता. दहा मिनिटांत त्याचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घुरघुरू लागला. रुग्णालय जवळ होते, म्हणून मूल वाचले.

या प्रकाराला मराठीत एक जुना आणि नेमका शब्द आहे : वावडे. हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की त्याची धार आता बोथट झाली आहे. कोणाला गर्दीचे वावडे असते, कोणाला शिस्तीचे. परंतु अन्नाच्या बाबतीत तो शब्द नीट तोलून वापरला पाहिजे. कारले आवडत नाही, ही नावड होय. मधुमेही माणूस साखर टाळतो, हे पथ्य होय. एकादशीला धान्य वर्ज्य असते, तो उपास होय. दूध प्याल्यावर ज्याचे पोट बिघडते, त्याच्या आतड्यात दुग्धशर्करा पचविणारे द्रव्य पुष्कळदा कमी असते. ती पचनाची उणीव होय. वावडे या सर्वांहून निराळे. शरीराची संरक्षक यंत्रणा एखाद्या निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्यावर सर्व सामर्थ्यानिशी तुटून पडते. त्या लढाईत घायाळ होतो तो घरधनी. नावडीचा पदार्थ एक घास खाल्ला तर तोंड वाकडे होते. वावड्याचा पदार्थ एक घास खाल्ला तर प्राणावर बेतू शकते.

या व्याधीच्या शोधाचा प्रारंभ एका जहाजावर झाला, ही गोष्ट फारशी परिचित नाही. १९०१ साली मोनॅकोचे राजे पहिले आल्बर्ट यांच्या ‘प्रिन्सेस ॲलिस’ या नौकेवर शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातील एका विषारी जीवाच्या दंशाचा अभ्यास करीत होते. पॅरिसला परतल्यावर त्यांनी तसेच विष कुत्र्यांना सौम्य मात्रेत टोचून पाहिले. विष अंगवळणी पडावे, ही त्यांची अपेक्षा. घडले उलटेच. पहिल्या वेळी सुखरूप राहिलेला कुत्रा काही आठवड्यांनी अल्प मात्रेनेच काही मिनिटांत मरण पावला. संरक्षणाऐवजी संरक्षणाचा विपर्यास, या अर्थाने त्यांनी १९०२ साली या स्थितीला ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. रिशे यांना त्याबद्दल १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. योगायोग असा, की या संकटावरचे पहिले आणि आजही सर्वांत खात्रीचे औषध जे ॲड्रेनॅलिन, ते शुद्ध स्फटिकरूपात मिळविल्याचे जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने जाहीर केले, तेही १९०१ सालीच.

भारतात अन्नाचे वावडे कितपत आढळते? कर्नाटकातल्या प्रौढांची पाहणी एका आंतरराष्ट्रीय संशोधनाच्या अंगाने झाली आणि तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. रक्ताच्या तपासणीत सुमारे २६.५ टक्के लोकांमध्ये कोणत्या ना कोणत्या अन्नाविषयीची संवेदनशीलता दिसली. परंतु तपासणी आणि प्रत्यक्ष त्रास या दोहोंचा मेळ बसेल असे लोक १.२ टक्केच निघाले. मुलांविषयीचे आकडे २०२० साली आले. हाँगकाँगमध्ये १.५ टक्के मुलांना असे वावडे असल्याचे दिसले, तर कर्नाटकात अवघ्या ०.१४ टक्के मुलांना. या आकड्यांतून दोन बोध घ्यावेत. केवळ रक्ताचा अहवाल पाहून मुलाच्या ताटातून दहा पदार्थ काढून टाकणे शहाणपणाचे नव्हे. निदान तज्ज्ञ वैद्यानेच करावे. दुसरा बोध अधिक गंभीर आहे. जी व्याधी दहा हजारांत चौदा मुलांना होते, तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा विश्वास बसत नाही. व्याधी विरळ आहे, हे समाजाचे भाग्य. पण ज्या घरात ती आहे, त्या घराला हेच विरळपण नडते.

बसवनगुडीतल्या त्या घरात अविश्वासाचा पहिला आवाज आजींचा होता. त्या सोलापूरच्या. शेंगांची चटणी म्हणजे त्यांच्या माहेरची खूण. ‘आमच्या वेळी असले काही नव्हते हो,’ असे त्या सुनेला म्हणत. आणि थोडे थोडे चाखवले तर मूल सरावेल, असेही त्यांना वाटे. ही समजूत पूर्ण निराधार होती असे नाही. २०१५ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिले, की ज्यांना वावड्याचा धोका अधिक आहे अशा तान्ह्या मुलांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाण्याचे पदार्थ द्यावयास आरंभ केला, तर पुढे वावडे जडण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. परंतु वावडे जडण्याआधीचा हा उपाय, जडल्यानंतर घरच्या घरी केला तर तो जिवाशी खेळ होतो. डॉक्टरांनी हा भेद आजींना शांतपणे समजावून सांगितला. त्या दिवशी त्या काही बोलल्या नाहीत.

पुढे या कुटुंबाने समुद्रप्रवास योजिला. बेंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर. तिथल्या मुलांना समुद्राचे अप्रूप फार. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे एक मोठी प्रवासी नौका सहलींसाठी निघू लागली, तेव्हापासून सहकुटुंब सागरसहल ही मध्यमवर्गाच्या आवाक्यातली गोष्ट झाली. एकेकाळी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात आणि पणजीला आगबोटी जात. त्या प्रवासात माणसे दशम्या आणि चटणी फडक्यात बांधून नेत. त्या शिदोरीत काय आहे, हे ती बांधणारीला ठाऊक असे. आजच्या नौकेवर घरचे शिजविलेले अन्न सहसा नेऊ देत नाहीत. तिथे शेकडो माणसांसाठी मांडलेली पंगत असते. पदार्थ पन्नास, आणि त्यांच्या पाठीमागचे हात अनोळखी. जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, हे खरे; पण मोठे रुग्णालय कित्येक तासांच्या अंतरावर. घरी जी चूक निभावली, ती समुद्रात निभावेलच असे नाही.

म्हणून मुलाच्या वडिलांनी तिकिटे काढतानाच लेखी कळविले. मुलाचे नाव, वावड्याचा पदार्थ आणि पूर्वी घडलेला प्रसंग, एवढा स्पष्ट मजकूर. नौकेवर पाऊल ठेवताच भोजनगृहाच्या प्रमुखाची गाठ घेतली. रोज रात्री दुसऱ्या दिवसाचे पदार्थ विचारून घ्यावयाचे, आणि मुलाचे अन्न स्वतंत्र भांड्यात, स्वतंत्र डावाने वाढावयाचे, असे ठरले. मांडलेल्या पंगतीचा धोका तिथेच असतो. कोशिंबिरीतला चमचा शेजारच्या भातात जातो. त्याला लागलेले चिमूटभर कूट पुरे होते. भाजल्याने किंवा तळल्याने शेंगदाण्यातले हे प्रथिन निष्प्रभ होत नाही. दारात हाताला लावावयाचे जंतुनाशक ठेवलेले असते. त्याने जंतू मरतात, शेंगदाण्याचे प्रथिन मात्र हातावर तसेच राहते. साबण आणि पाणी, किंवा ओल्या कापडाने पुसणे, हेच उपाय.

पदार्थाच्या नावावर विसंबणे तर त्याहूनही धोक्याचे. बेंगळूरकरांना याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९२४ साली स्थापन झालेल्या मावळ्ळी टिफिन रूम या उपाहारगृहाची परंपरा सांगते, की दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई पडली तेव्हा तिथे रव्याची इडली जन्मास आली. इडली म्हणजे तांदूळ आणि उडीद, असे मानणाऱ्या गव्हाच्या रोग्याला ती इडली चालणार नाही; आणि वर काजू असेल तर आणखी एकाला चालणार नाही. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. महाराष्ट्रात तर उपासाचा पदार्थ म्हटला की साबुदाणा आणि दाण्याचे कूट आलेच. जो पदार्थ व्रतस्थाला निर्मळ, तोच या मुलाला विष.

कायद्यानेही या बाबतीत पाऊल उचलले आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार वेष्टनबंद पदार्थांवर ग्लुटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामासारखी कवचफळे, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरील सल्फाइट यांचा उल्लेख करावा लागतो. दहा किंवा अधिक ठिकाणी चालणाऱ्या उपाहारगृहांनाही अशी माहिती ग्राहकांपुढे ठेवावी लागते. तथापि या यादीत तीळ नाही, मोहरी नाही आणि हरभरा नाही. मुंबईच्या संशोधकांनी २००१ साली हरभरा हे आपल्याकडचे वावड्याचे एक महत्त्वाचे कारण असल्याचे दाखविले आहे. आणि बेसनावाचून मराठी स्वयंपाकघराचा दिवस जात नाही. तिळाची कथा परदेशात घडली. २०१६ साली पंधरा वर्षांची एक इंग्रज मुलगी विमानप्रवासाआधी घेतलेल्या पावातल्या तिळाने मृत्युमुखी पडली. वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांच्या चिकाटीने तिथला कायदा बदलला, आणि २०२१ पासून तो अमलात आला. यादी कितीही चांगली असली, तरी विचारण्याचे काम ती संपवीत नाही.

सहलीच्या दुसऱ्या रात्री तोच प्रसंग आला. ताटात एक हिरवी चटणी आली. वाढप्याला विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, ‘बहुतेक नाही दाणे.’ वडिलांनी वाटी बाजूला सारली. शेजारच्या पानावरचे एक गृहस्थ म्हणाले, ‘अहो, एवढ्याशाने काय होते? मुलाला उगीच नाजूक करून ठेवता.’ मुलगा खाली मान घालून बसला. तेव्हा आजी उठल्या. त्या स्वतः स्वयंपाक्याकडे गेल्या आणि त्याला बाहेर बोलावले. तो रत्नागिरीकडचा तरुण होता. क्षणभर विचार करून तो म्हणाला, ‘आजी, खरे सांगायचे तर मला ठाऊक नाही. ही चटणी तयार येते. मी खात्री देणार नाही.’ मग त्याने धुतलेल्या वेगळ्या पातेल्यात वरणभात लावला, वर तूप घातले, आणि स्वतःच्या हाताने आणून वाढला.

‘बहुतेक नाही’ हे सौजन्याचे उत्तर होते. ‘ठाऊक नाही’ हे प्रामाणिकपणाचे. ज्याच्या घरी असे मूल आहे, त्याला दुसरे उत्तरच हवे असते. आपल्या आतिथ्यात आग्रहाला मानाचे स्थान आहे, आणि नकार हा यजमानाचा अपमान मानला जातो. म्हणून विचारणारा संकोचतो आणि उत्तर देणारा गोड बोलतो. परंतु हेच स्वयंपाकघर जैन पाहुण्यासाठी कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य करते, सोवळ्यासाठी वेगळी भांडी ठेवते, उपासाच्या ताटाला खरकटे लागू देत नाही. ही शिस्त आपल्याला परकी नाही. धर्माच्या नियमाला जो मान दिला जातो, तोच शरीराच्या नियमाला दिला म्हणजे झाले.

इतके करूनही चूक घडली तर काय? खाल्ल्यापासून काही मिनिटांत, क्वचित दोन तासांपर्यंत, लक्षणे दिसतात. नुसत्या गांधी उठल्या तर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. पण श्वास कोंडणे, आवाज बसणे, वारंवार ओकारी किंवा भोवळ यांपैकी काही दिसले, तर मांडीच्या बाहेरच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच उपाय, तोही विलंब न लावता. खाजेवरच्या गोळ्यांनी हे संकट टळत नाही. रोग्याला उभे करू नये, चालवू नये. आडवे निजवून पाय उंच करावेत, आणि श्वासाचा त्रास असेल तर बसू द्यावे. बरे वाटले तरी काही तास डॉक्टरांच्या नजरेखाली राहावे, कारण लाट परत येऊ शकते. स्वतः टोचून घेता येणारी तयार सुई आपल्याकडे औषधांच्या दुकानांत सहजी मिळत नाही. म्हणून कोणते औषध, किती मात्रा आणि कोणी द्यावयाची, हे प्रवासाआधी डॉक्टरांकडून लिहून व शिकून घेणे अगत्याचे. या कुटुंबाने तसा कागद नौकेच्या डॉक्टरांकडे पहिल्याच दिवशी दिला होता. त्याची गरज पडली नाही.

बेंगळूरला परतल्यावर आजींनी शेंगांच्या चटणीचा खलबत्ता माळ्यावर ठेवला. मुलाच्या डॉक्टरांना विचारून त्या आता नव्या खलबत्त्यात कारळ्याची चटणी कुटतात. आणि घरी कोणी जेवावयास यायचे असले, की ‘काय करू?’ असे विचारण्याआधी त्या विचारतात, ‘तुमच्यात कोणाला काही वावडे आहे का?’