पाहुणा जाताना काय ठेवून जातो?

(शाळेच्या हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या या वर्षात आपल्या शाळेत अनेक पाहुणे येऊन गेले आणि अजूनही येणार आहेत. आज त्या मालिकेत माझा क्रमांक लागला आहे. ज्या बाकांवर बसून मी पाहुण्यांची भाषणे ऐकली, त्याच बाकांसमोर पाहुणा म्हणून उभे राहताना संकोच वाटतो. म्हणून आजचा विषय पाहुणा हाच घेतला आहे. विद्येच्या घरी पाहुणा येतो तेव्हा काय घडते आणि काय घडायला हवे, हे एका खऱ्या घटनेच्या आधारे आपल्यापुढे मांडावे, असा माझा मानस आहे.

ही घटना पुण्या-मुंबईची नाही, केंब्रिजचीही नाही. ती चेन्नईची, म्हणजे तेव्हाच्या मद्रासची आहे. मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार हे व्यवसायाने वैद्यक क्षेत्रातले. विद्यापीठात भौतिकशास्त्राचा नवा विभाग उभारायचा होता. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शिफारशीवरून त्यांनी 1952 साली त्या विभागाची धुरा जी. एन. रामचंद्रन यांच्या हाती दिली. रामचंद्रन यांचा जन्म 1922 सालचा. म्हणजे विभागप्रमुख झाले तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. बंगळूरला रामन यांच्या हाताखाली आणि नंतर केंब्रिजला त्यांनी स्फटिकांचा आणि क्ष-किरणांचा अभ्यास केला होता. विद्या होती, उमेद होती. परंतु नव्या विभागाने कोणत्या प्रश्नाला हात घालावा, हे ठरायचे होते.

त्याच सुमारास जे. डी. बर्नाल हे नामवंत ब्रिटिश शास्त्रज्ञ विद्यापीठाला भेट देण्यास आले. प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकून त्यांच्या रचनेचा वेध घेता येतो, हे दाखवणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी ते एक. बोलण्याच्या ओघात त्यांनी कोलॅजेन या प्रथिनाचा विषय काढला. त्याच्या रचनेबद्दल अनेकांनी अनेक कल्पना मांडल्या आहेत, पण त्यांतली एकही समाधानकारक वाटत नाही, असे त्यांच्या बोलण्याचे सार होते. पाहुणे आपल्या वाटेने निघून गेले. प्रश्न मात्र मद्रासमध्येच राहिला.

श्रोतेहो, कोलॅजेन म्हणजे काय, हे थोडे सांगायला हवे. आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे आपण याच शाळेत शिकलो. परंतु नुसत्या पेशी एकमेकींवर रचल्या तर शरीर उभे राहणार नाही. विटांना जसा चुना-सिमेंट लागतो, तसा पेशींनाही आधार लागतो. हा आधार पेशी स्वतःच तयार करतात आणि आपल्या बाहेर पाठवतात. त्यातला सर्वांत मोठा वाटा कोलॅजेनचा. त्वचा, हाडे, कूर्चा, स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा, या सर्वांचा ताण तेच सोसते. सस्तन प्राण्यांच्या शरीरातील एकूण प्रथिनांपैकी पाव ते एक-तृतीयांश भाग या एकट्या प्रथिनाचा असतो. जनावराच्या कातड्याचे चामडे होते तेही कोलॅजेनमुळेच.

चामड्याचा उल्लेख मी सहज केला नाही. मद्रासमध्ये केंद्रीय चर्म संशोधन संस्था 1948 साली स्थापन झाली होती आणि ती विद्यापीठाच्या गिंडी परिसराच्या अगदी शेजारी होती. कोलॅजेनचे नमुने रामचंद्रन यांना या शेजाऱ्यांकडून मिळाले. त्यांतला सर्वांत उपयोगी ठरला तो कांगारूच्या शेपटीतील कंडरेचा. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी त्याची क्ष-किरण चित्रे घेतली आणि त्यांवरून रचनेचा अंदाज बांधण्यास सुरुवात केली.

हाताशी एक महत्त्वाची खूण होती. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. कोलॅजेनमध्ये जवळजवळ एक-तृतीयांश अमिनो आम्ले ग्लायसीन या एकाच प्रकारची असतात, आणि ग्लायसीन हे सर्व अमिनो आम्लांत लहान. मग असे तर नसेल, की साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसीन आहे, आणि तीन साखळ्या इतक्या दाटीने शेजारी बसतात की मधल्या अरुंद जागेत फक्त ग्लायसीनच मावते? या विचारातून 1954 साली 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी तीन साखळ्यांची रचना मांडली. पुढल्या वर्षी तिच्यात सुधारणा करून त्यांनी सांगितले, की या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घालून वळलेल्या असतात.

ज्यांनी गावाकडे दोर वळताना पाहिला आहे, त्यांना ही रचना कळायला चित्राचीही गरज नाही. दोर वळणारा प्रत्येक पेड एका दिशेने पिळतो आणि तिन्ही पेड एकत्र वळताना उलट दिशेने पीळ देतो. दोन विरुद्ध पीळ एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून दोर सुटत नाही. कोलॅजेनचेही तसेच आहे. प्रत्येक साखळीचा पीळ डावा आणि तिन्हींचा मिळून होणारा पीळ उजवा.

या दोराचा प्रत्येक घरातल्या आरोग्याशी संबंध आहे. साखळ्यांचा पीळ घट्ट राहावा म्हणून पेशी त्यांतील काही अमिनो आम्लांवर एक छोटी रासायनिक प्रक्रिया करते, आणि तिला क जीवनसत्त्व लागते. ते मिळाले नाही तर दोर कच्चा राहतो, हिरड्यांतून रक्त येते, जखमा भरत नाहीत. स्कर्व्ही म्हणतात ती व्याधी हीच. आपल्या घरांत आवळ्याला मान आहे तो उगाच नव्हे. तसेच, साखळीतील एखाद्या ग्लायसीनच्या जागी आनुवंशिक दोषामुळे मोठे अमिनो आम्ल आले, तर तिथे पीळ नीट बसत नाही. अशा दोषांमुळे काही मुलांची हाडे जन्मतःच काचेसारखी ठिसूळ असतात.

इथे गोष्ट संपली असती, तर ती केवळ एका यशाची गोष्ट झाली असती. मला आज विशेष सांगायचे आहे ते यानंतरचे.

1955 सालीच अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी कोलॅजेनची आपली रचना प्रसिद्ध केली. तीन साखळ्यांचा पीळ त्यांनीही मान्य केला, परंतु मद्रासच्या रचनेवर एक गंभीर आक्षेप घेतला. त्या रचनेत काही अणू एकमेकांच्या वाजवीपेक्षा जास्त जवळ येतात, असे त्यांचे म्हणणे होते. साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध दर तीन अमिनो आम्लांमागे दोन असतात, असे रामचंद्रन यांचे मत होते. क्रिक-रिच यांच्या रचनेत असा एकच बंध होता. या तपशिलात पुढे क्रिक-रिच यांचीच बाजू खरी ठरली. क्रिक हे डीएनएच्या रचनेमुळे तेव्हा नुकतेच जगप्रसिद्ध झालेले. साधनांची टंचाई असलेल्या, नवख्या विभागातील तरुण प्राध्यापकाने अशा वेळी काय करावे?

माणूस अशा प्रसंगी दोन गोष्टी करतो. एक तर रुसून बसतो आणि म्हणतो, आम्ही लहान गावचे म्हणून आम्हाला बोलतात. नाहीतर मान खाली घालून मोठ्यांचे म्हणणे जसेच्या तसे स्वीकारतो. रामचंद्रन यांनी दोन्ही टाळले. त्यांनी आक्षेपाचेच प्रश्नात रूपांतर केले. अणू 'फार जवळ' येतात, म्हणजे नेमके किती जवळ? ही मर्यादा कोणी ठरवली? तिला पुरावा काय? तोवर प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचना त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चाळून काढल्या आणि कोणते दोन अणू प्रत्यक्षात किती जवळ येतात, याची मोजदाद केली.

मग पुढला प्रश्न आपोआप उभा राहिला. ही मर्यादा पाळायची, तर प्रथिनाची साखळी कोणकोणत्या कोनांतून वळू शकते? साखळीच्या प्रत्येक कडीपाशी वळण्याच्या दोन जागा असतात. अरुंद खोलीत खोलीचे दार आणि कपाटाचे दार एकमेकांना अडतात. दोन्ही हवी तशी उघडता येत नाहीत. एक अमुक इतके उघडले, तर दुसरे तमुकच उघडेल. त्याचप्रमाणे या दोन कोनांच्या काही जोड्याच शक्य असतात, उरलेल्यांत अणू एकमेकांवर आदळतात. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी या शक्य-अशक्य जोड्यांचा नकाशा तयार केला आणि 1963 साली तो 'जर्नल ऑफ मॉलेक्युलर बायॉलॉजी'मध्ये प्रसिद्ध झाला. जग त्याला आज 'रामचंद्रन आलेख' म्हणून ओळखते. एखाद्या प्रथिनाची रचना शोधल्याचा दावा आज जगात कुठेही केला गेला, तरी ती रचना या नकाशात बसते का, हे तपासले जाते. चुकीच्या कोनांत वळलेली साखळी तिथे तत्काळ उघडी पडते.

आता पाहुण्यांकडे परत येऊ. 1952 मध्ये मद्रासला एक पाहुणा आला होता. जानेवारी 1963 आणि जानेवारी 1967 मध्ये याच विद्यापीठाने प्रथिनांच्या आणि जैविक रेणूंच्या रचनेवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरवले. देशोदेशीचे शास्त्रज्ञ आपले संशोधन मांडायला तिथे आले. 1967 साली लायनस पॉलिंग यांच्यासारखे नोबेल विजेतेही आले. त्या परिसंवादांतील निबंधांचे ग्रंथ रामचंद्रन यांच्या संपादनाखाली निघाले. एका पाहुण्याचा प्रश्न जपून ठेवणाऱ्या घरी दहा-पंधरा वर्षांनी जग पाहुणे म्हणून आले. रामचंद्रन यांना नोबेल पारितोषिक मिळाले नाही, याची हळहळ अनेकांना वाटते. 2001 साली ते गेले. त्यांचे नाव मात्र जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात रोज वाचले जाते.

पालकहो, आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक धाकधूक असते, हे मी जाणतो. मराठी माध्यमात शिकलेले आपले मूल उद्या जगाच्या विज्ञानात टिकेल ना? मी खोटा दिलासा देणार नाही. जगाची भाषा शिकावीच लागेल, आणि ती चांगली शिकावी लागेल. परंतु मद्रासच्या या कथेत निर्णायक ठरले ते भाषेचे माध्यम नव्हे आणि यंत्रांची श्रीमंतीही नव्हे. 'फार जवळ म्हणजे किती?' असे विचारण्याचे धैर्य तिथे निर्णायक ठरले. असा प्रश्न मुलाला प्रथम त्याच्या स्वतःच्या भाषेत पडतो. दोराच्या पिळाची आणि कपाटाच्या दाराची उपमा त्याला आपल्या घरातच सापडते. ती सापडू देणे, हे आपल्या शाळेचे खरे बळ आहे. ते आपण वापरले नाही, तर माध्यमाचा अभिमान नुसता मिरवण्यापुरता उरेल.

आणि इथे थोडे आत्मपरीक्षणही करायला हवे. आपल्याकडे पाहुणा आला की स्वागतगीत होते, शाल-श्रीफळ होते, भाषण होते, आभार होतात. मुलांच्या प्रश्नांना मात्र वेळ उरत नाही. मी विद्यार्थी असतानाही तसेच होते. म्हणून माजी विद्यार्थी संघाला माझी एक विनंती आहे. या वर्षापासून प्रत्येक पाहुण्याच्या भाषणाइतकाच वेळ मुलांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावा. प्रयोगशाळेत एक वही ठेवावी आणि ज्या प्रश्नाचे उत्तर पाहुण्यालाही देता आले नाही, तो तीत तारखेसह लिहून ठेवावा. सत्काराचे हार दुसऱ्या दिवशी सुकतात. वहीतला प्रश्न दहा वर्षांनीही एखाद्या मुलीच्या किंवा मुलाच्या हाती लागेल.

त्या वहीची सुरुवात आजच व्हावी, अशी माझी इच्छा आहे. माझे भाषण मी इथेच थांबवतो. पुढल्या बाकांवरच्या मुलांनी आता हात वर करावेत.