लस : एका शब्दाचं गाव



आपल्या मराठीच्या बाई सांगायच्या, नवा शब्द भेटला की त्याला त्याचं गाव विचारा. पुढे ४० वर्षं डॉक्टरकी केली, पण रोज तोंडात असलेल्या एका शब्दाला ते विचारायचं राहूनच गेलं. तो शब्द म्हणजे 'लस'.

जखमेतून पाझरणाऱ्या चिकट पाण्याला आपल्या आज्या लस म्हणत. मग रोग टाळणाऱ्या औषधाला हे नाव का? १४ मे १७९६ रोजी इंग्लंडमध्ये डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी एका गवळणीच्या हातावरच्या फोडातलं पाणी जेम्स फिप्स या ८ वर्षांच्या मुलाच्या दंडात टोचलं. ते फोड गाईच्या आचळांवरून तिला लागलेले होते. पुढे त्या मुलाला मुद्दाम देवी टोचूनही रोग झाला नाही. लॅटिनमध्ये गाय म्हणजे 'वाक्का', त्यावरून 'व्हॅक्सिन'. हा शब्द सगळ्याच रोगांच्या प्रतिबंधक टोचणीला लावावा, असं १८८१ मध्ये लुई पाश्चर यांनी जेन्नर यांच्या सन्मानार्थ सुचवलं.

भारतात पहिली टोचणी आपल्या मुंबईतच झाली, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीला. तिच्या फोडातलं पाणी मग इतर मुलांना टोचलं गेलं. इंग्रजीने गाय लक्षात ठेवली, मराठीने फोडातलं पाणी.

आपल्या लहानपणी मात्र घरात 'लस' कोणी म्हणत नसे. रोगही देवी आणि टोचणंही 'देवी काढणं'. देवी काढणारे शाळेत आले की आपण मागच्या कुंपणावरून पळायचो. पळणाऱ्यांत मी पुढे असे. एकच मुलगा जागचा हलत नसे. त्याच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. त्यावरून आपण त्याला एक नाव ठेवलं होतं, ते आज मी उच्चारणार नाही. एकदा तो म्हणाला, "पळू नका रे, माझी धाकटी बहीण यातच गेली." आपण ऐकलं, आणि तरी पळालो. गुरुजींनी कान धरून परत आणलं, म्हणून आपल्या दंडावर ते गोल वण आहेत.

१९७५ मध्ये भारतातून देवी गेली. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सारं जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर केलं. आपल्या नातवंडांना देवी काढाव्या लागल्या नाहीत.

पुढे दवाखान्यात टोचायला घाबरणारं मूल आलं की मी रागावत नसे. त्याच्या आईला मित्राचं ते वाक्य सांगत असे. पुस्तकातल्या माहितीपेक्षा ते जास्त उपयोगी पडलं.

बाई, शब्दाचं गाव सापडलं. तिथे जाताना वाटेत हा मित्र भेटला. तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. मित्रा, ते नाव मी परत घेतो. उशीर झाला, माफ कर. जेवताना तुझ्या शेजारची जागा माझ्यासाठी ठेव.