वास्तू आणि पंगत : मुंबईच्या हिंदू जिमखान्याची कथा



देवगाव फाट्यावर बसून मुंबईच्या एका क्लबाची कथा कशासाठी, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. संस्था पन्नाशीला आली की तिच्या वास्तूचा इतिहास सांगितला जातो; जागा, देणगी, कोनशिला यांची साग्रसंगीत नोंद होते. त्या वास्तूत कोणाला कोठे बसविले गेले, ही नोंद मात्र सहसा राहत नाही. हिंदू जिमखान्याच्या बाबतीत ती राहिली आहे.

१८७५ साली स्थापन झालेल्या बॉम्बे जिमखान्याची दारे केवळ युरोपियनांना खुली होती. म्हणून १८८५ मध्ये पारशांनी आणि १८९४ मध्ये हिंदूंनी आपापले जिमखाने काढले. हिंदूंच्या जिमखान्याला परमानंददास जीवनदास यांचे नाव लाभले, ‘पी. जे.’ ही आद्याक्षरे त्यांचीच. मरीन ड्राइव्ह तेव्हा नव्हता, समुद्र मैदानाच्या पुष्कळ जवळ होता.

गोऱ्यांनी दार लावले म्हणून ज्यांनी स्वतंत्र घर बांधले, त्यांच्याही दाराशी लवकरच एक माणूस येऊन उभा राहिला : चर्मकार समाजातील डावखुरे गोलंदाज पळवणकर बाळू. पुण्यात त्यांच्या गोलंदाजीवर सामने जिंकले जात. परंतु चहाच्या वेळी सहकारी पॅव्हेलियनमध्ये कपबशी घेत आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडू सर्वांनी हाताळावा, कप मात्र नाही, असा तो विलक्षण सोवळेपणा! मुंबईच्या जिमखान्यातही काही सभासदांनी विरोध केला. अखेर त्यांना संघात घेण्यात आले. पुढे बाळू व त्यांचे बंधू शिवराम सहकाऱ्यांच्या पंगतीला बसले. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, तेव्हा दोघेही संघात होते. समाजसुधारकांनी त्या विजयाइतकेच त्या सहभोजनाचेही कौतुक केले.

पंगत मिळाली, पण नेतृत्व मिळाले नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणाऱ्या बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच देण्यात आले नाही. १९२० मध्ये त्यांना वगळले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या बंधूंनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार करणे भाग पडले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. बाळूंचे मैदानावरील दिवस तोवर सरले होते.