दहा सेकंदांचा दम

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘करिअर आणि तणाव’ हा विषय दिला होता. तो मी नम्रपणे परत केला. चोवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बाईने तणावावर बोलायचं म्हणजे श्रोत्यांनाच तणाव. त्याऐवजी मी फुटबॉलवर बोलणार आहे. कोल्हापुरात त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पाटाकडील भारी की प्रॅक्टिस, हा वाद मात्र मी काढणार नाही, नाहीतर जेवणं थंड होतील.

मला सांगायचंय ते येन्स बांग्सबो यांच्याबद्दल. हे डेन्मार्कचे. नाव बहुतेकांनी ऐकलं नसेल, पण त्यांची यो-यो टेस्ट क्रिकेटमुळे घराघरात पोचली आहे. माझ्या घरी ती मुलीमुळे आली. ती नववीत आहे, पुण्यात शाळेच्या संघात फुटबॉल खेळते. एका संध्याकाळी घरी आली, सोफ्यावर आडवी झाली आणि म्हणाली, “आई, हा छळ नक्की कुणी शोधून काढला?” मी शोधायला बसले आणि ऑफिसचं काम त्या रात्री तसंच राहिलं.

छळ असा असतो. वीस मीटरवर दोन शंकू. टोला वाजला की पळत जायचं, पुढच्या टोल्याला परत यायचं. मग दहा सेकंद विश्रांती, म्हणजे मागे पाच मीटरवर ठेवलेल्या शंकूला सावकाश वळसा घालून परत रेषेवर. की पुन्हा टोला. सुरुवात ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने होते, पुढे टोले जवळ जवळ येत जातात. दोनदा वेळ चुकली की तुम्ही बाहेर. टोल्यावर पळण्याची चाचणी आधीपासून होती. कॅनडातल्या ल्यूक लेजे यांनी ती १९८२ मध्ये मांडली होती, पण तिच्यात थांबायला मिळत नाही. बांग्सबोंनी मध्ये हे दहा सेकंद ठेवले.

ते का ठेवले, यात त्यांचं सगळं काम आलं. ते स्वतः डेन्मार्कच्या वरच्या श्रेणीत फुटबॉल खेळलेले आणि शिवाय कोपनहेगन विद्यापीठातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ. ऑगस्ट क्रोग या नोबेल विजेत्याच्या नावाच्या संस्थेत त्यांनी काम केलं. सामन्यात एकेका खेळाडूचं चित्रण करायचं आणि मग तो किती वेळ उभा होता, किती चालला, किती धावला, किती वेळा जीव तोडून पळाला, हे बसून मोजायचं. किचकट काम! १९९४ मध्ये त्यांचा फुटबॉलच्या शरीरक्रियाशास्त्रावरचा प्रबंध आला, त्याचा विषयच मुळी थांबत-थांबत होणारा जोराचा व्यायाम हा होता.

२००३ मध्ये त्यांनी मग्नी मोहर आणि पीटर क्रुस्ट्रुप या सहकाऱ्यांबरोबर वरच्या दर्जाचे १८ आणि मध्यम दर्जाचे २४ खेळाडू तपासले. एका सामन्यात दोन्ही गट साधारण साडेदहा किलोमीटरच जातात. एकूण अंतरात फारसा फरक नाही. पण पूर्ण वेगाने पळण्यात वरचे खेळाडू सरासरी ६५० मीटर आणि मधले ४१०. आणि शेवटच्या १५ मिनिटांत दोन्ही गटांचं जोरात पळणं पहिल्या १५ मिनिटांपेक्षा ३५ ते ४५ टक्क्यांनी घटतं. मोठा खेळाडूही दमतो. फक्त तो पुन्हा पुन्हा पळू शकतो.

हे वाचताना मला आमचा धंदा आठवला. सर्व्हरवर सारखा एकसुरी भार टाकून चाचणी घेतली की तो पास होतो, आणि तिकीटविक्री उघडल्या मिनिटाला आडवा पडतो. खरी गर्दी लाटांनी येते. दोन लाटांच्या मध्ये तो किती सावरतो हे बघावं लागतं. आमच्याकडे हे सांगायला मोठ्या पगाराचे सल्लागार येतात.

आणि मग मला आपला खो-खो आठवला. शाळेत फुटबॉल मुलांचा होता. आमच्या वाट्याला लेझीम आणि खो-खो. मुलं दम वाढवायला रंकाळ्याला फेऱ्या मारायची आणि आमच्याकडे बघून हसायची. पण पाटीत बसायचं, खो मिळाला की सुसाट सुटायचं, खो देऊन परत बसायचं, हे तर अगदी बांग्सबोंच्या हिशेबातलं! बाई, तुम्ही आम्हाला कोपनहेगनचाच व्यायाम देत होतात. हे नोंदवून ठेवावं, एवढ्यासाठी तरी मी आज उभी आहे.

२००१ ते २००४ बांग्सबो इटलीत युव्हेंटसच्या संघाबरोबर होते, मार्चेल्लो लिप्पींच्या हाताखालच्या प्रशिक्षकांमध्ये. तालमीच्या भाषेत म्हणायचं तर दमाचे वस्ताद. त्या काळात युव्हेंटसने २००२ आणि २००३ अशी लागोपाठ दोनदा लीग जिंकली. २००३ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मात्र मँचेस्टरला मिलानकडून पेनल्टींवर हरले. त्यांचा सगळ्यात न थकणारा गडी नेदवेद कार्डामुळे त्या दिवशी बाहेर बसला होता. पिवळ्या कार्डावर कुठल्याच वस्तादाकडे व्यायाम नाही. लीग जिंकण्याचं श्रेय त्यांना किती द्यायचं हे मी ठरवणार नाही. त्या संघात बुफों आणि देल पिएरोही होते.

आपल्याकडे ही चाचणी २०१७ च्या सुमारास क्रिकेट संघाच्या दाराशी येऊन बसली. तेव्हा १६.१ गुण लागायचे, नाहीतर घरी. २०१८ मध्ये अंबाती रायुडू इंग्लंड दौऱ्यासाठी निवडला गेला होता, तो यामुळे राहिला. १६.१ म्हणजे एकूण १,१२० मीटर. चारशे मीटरच्या मैदानाला तीन फेऱ्याही नाहीत! तरी लोक त्यात अडकतात, यावरून ती दहा सेकंदं किती कमी पडतात ते कळेल. माझं मत विचाराल तर फुटबॉलच्या पळण्यावर बेतलेली फूटपट्टी फलंदाजाच्या निवडीला लावणं मला पटत नाही. कुणाला कशाची तयारी करून घ्यायची हे कळायला ती उत्तम आहे.

आता आपल्याकडे येते. मागच्या वर्षी माझा रक्तदाब १४६ निघाला. आपल्या ग्रुपवर रोज सुप्रभातच्या फुलांपाठोपाठ कुणाच्या तरी गोळीचं नाव येतं. आणि आज काढलेल्या फोटोत तिघं नाहीत. त्यातली दोघं हृदयविकाराने गेली, पन्नाशी न बघता.

बांग्सबो आणि क्रुस्ट्रुप यांचं पुढचं काम आपल्यासारख्यांवर आहे. कधी व्यायाम न केलेली माणसं फुटबॉल खेळली तर काय होतं? फेरो बेटांवर मोहर आणि क्रुस्ट्रुप यांनी ३५ ते ५० वयाच्या, थोडा रक्तदाब असलेल्या बायकांना १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा तासभर खेळायला लावलं. वरचा रक्तदाब सरासरी १२ ने उतरला. या बायका चेंडू कशा मारत असतील याची कल्पना करा. चुकला तरी पळावं लागतंच, आणि बहुतेक ते चुकल्यामुळेच पळत असणार.

कोपनहेगनला सुमारे शंभर बायकांवर आणखी एक प्रयोग झाला. काही जणी फुटबॉल खेळल्या, काही जणी नुसत्या पळाल्या. संशोधकांना वाटलं होतं की पळणं सोयीचं, कधीही जमतं, तेच टिकेल. फुटबॉलला सगळ्यांची वेळ जुळावी लागते. झालं उलटं. पळणाऱ्या बायका तब्येतीसाठी येत होत्या. खेळणाऱ्या येत होत्या त्या मजा येते म्हणून, आणि आपण नाही गेलो तर संघ अडेल म्हणून. प्रयोग संपल्यावरही त्यांच्यातल्या बऱ्याच जणी खेळत राहिल्या. मी चालण्याचं ॲप तीनदा घेऊन तीनदा काढून टाकलंय. ॲपला माझी वाट बघता येत नाही.

तर उद्या रविवार, सकाळी सात वाजता, शाळेचं मैदान. यो-यो टेस्ट घेणार नाही, घाबरू नका. छोटं मैदान आखू, पाच-पाच जणी, जमेल तेवढं खेळायचं आणि दमलं की थांबायचं. गोळ्या घेणाऱ्यांनी आज रात्रीच आपल्या डॉक्टरांना फोन करावा; आपल्या वर्गातलेच दोन डॉक्टर इथे बसलेत, ते फी घेणार नाहीत. पुण्यात राहणाऱ्या सहा जणींनी दर शनिवारचं मला आधीच कबूल केलंय. कोल्हापूरवाल्यांनी आपला वार उद्या ठरवावा. मुलग्यांना खेळायला हरकत नाही, पण पास द्यावा लागेल. चेंडू मी आणलाय. शिट्टी पी.टी.च्या सरांकडे अजून आहे, असं त्यांनीच मघाशी सांगितलं.