कोरड्या डोळ्यांसाठी कुठला ड्रॉप? नाव नको, लेबल वाचा

तुमच्या प्रश्नांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचतं, संध्याकाळी चुरचुरतं. चांगला ड्रॉप कुठला?" मी फार्मासिस्ट आहे, दुकानात काउंटरच्या आतल्या बाजूने हा प्रश्न रोजच ऐकतो. आज त्याचं उत्तर जरा नीट देतो.

आपले अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. बुबुळालगत चिकट म्युसिन, त्यावर पाणी आणि सगळ्यांत वर तेलाचा पातळ थर. हे तेल पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतं आणि पाणी उडून जाऊ देत नाही. म्हणजे डोळा कोरडा पडायची कारणं दोन: पाणीच कमी तयार होतं, किंवा तयार झालेलं टिकत नाही. मोबाइल-कॉम्प्युटरकडे बघताना आपण पापण्या फार कमी वेळा मिटतो, त्यात वर एसी. मग पाणी टिकणार कसं?

आता बाटली हातात घ्या आणि नावाखालची बारीक अक्षरं वाचा. तिथे साधारण चारांपैकी एक नाव दिसेल.

पहिलं, कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोज, म्हणजे सीएमसी. रिफ्रेश टियर्समध्ये हेच असतं, ०.५ टक्के. १ टक्का असेल तर थेंब दाट होतो, जास्त वेळ टिकतो, पण घातल्यावर थोडा वेळ धूसर दिसतं. दुसरं, एचपीएमसी. हे जुनं आणि साधं, सुकल्यावर पापणीवर कधी पांढरी पापडी धरते. तिसरं, सोडियम हायलुरोनेट. हे पाणी छान धरून ठेवतं. चौथं, पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि प्रोपिलीन ग्लायकॉल यांची जोडी. ती सिस्टेन अल्ट्रामध्ये असते.

मग यात सरस कोण? २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात अशा थेंबांच्या ४३ चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. निष्कर्ष असा, की बहुतेकांचा गुण जवळपास सारखाच. त्यामुळे शेजाऱ्याला जो ड्रॉप लागू पडला तोच तुम्हालाही पडेल असं नाही, आणि महाग म्हणून तो भारी असंही नाही. एक घटक दोन-चार आठवडे वापरून बघा, नाही जमला तर दुसरा. तेलाचा थर कमी पडत असेल तर तेलयुक्त थेंब मिळतात, जोडीला बंद पापण्यांवर कोमट शेक. रात्रीसाठी जेल किंवा मलम, कारण त्याने दिसायला अंधुक होतं.

खरा फरक मात्र प्रिझर्व्हेटिव्हमध्ये आहे. लेबलवर 'बेंझाल्कोनियम क्लोराइड' दिसलं, तर लक्षात ठेवा: ते जंतू रोखतं, पण वारंवार घातलं तर बुबुळाच्या पृष्ठभागालाच त्रास देतं. म्हणजे ज्यासाठी ड्रॉप घेतला तेच वाढतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला मागा.

पण तिथे स्वच्छता जास्त सांभाळावी लागते. २०२३ साली अमेरिकेत प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांमधून स्यूडोमोनास जंतूंचा संसर्ग पसरला, काहींची दृष्टी गेली, चौघांचा मृत्यू झाला. ते थेंब चेन्नईजवळ तयार झालेले होते. म्हणून बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला लावायचं नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा आणि पाकिटावर दिलेली मुदत संपली की टाकून द्या, अर्धी उरली असली तरी. बाटली एकाची, घराची नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. लोक सांगतात, "तो मागचा ड्रॉप द्या ना, दोन दिवसांत लाली गेली होती." बघतो तर त्यात स्टेरॉइड! तो अश्रू नाही, औषध आहे. डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घातला, तर डोळ्यातला दाब वाढतो. दुखत नाही, कळत नाही, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही लवकर होतो. लाली घालवणारे नॅफाझोलिनचे थेंबही कोरडेपणावरचे नव्हेत, बंद केले की लाली उलट वाढते.

थेंब घालताना खालची पापणी हलकेच ओढा, एकच थेंब टाका, डोळे मिनिटभर मिटा. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर लेन्सवर चालतो का, हे आधी विचारा.

आणि डोळा दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर कमी झाली असेल, किंवा तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर माझ्या काउंटरवर नका येऊ, नेत्रतज्ज्ञांकडे जा.

आज इतकंच. हा भाग ऐकून झाला की घरातली ड्रॉपची बाटली काढा, लेबलवर काय लिहिलंय ते वाचा आणि आम्हाला कळवा. भेटूया पुढच्या भागात.